चार पदरी तार

एकदा एका धान्यव्यापाऱ्याने आपले जुने घर नवे करायला काढले. घर पडायला आलेले नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी वडिलांनी पेठेमागच्या वसाहतीत बांधलेले ते चांगले भक्कम बैठे घर होते. पण पुण्याला नोकरी करणारा मुलगा बायकामुलांसह कायमचा परत यायचा होता, आणि त्याआधी स्वयंपाकघर नवे व्हावे, दोन खोल्यांत एसी बसावेत, न्हाणीघराला फरशा लागाव्यात असे त्याने कळवले होते.

या व्यापाऱ्याला गाव अप्पा म्हणे. सत्तरी गाठलेले, कडक शिस्तीचे गृहस्थ. घरात त्यांच्यासोबत राहत होती त्यांची मुलगी महानंदा. ती गावातल्याच शाळेत शिक्षिका होती, लग्न केलेले नव्हते. अप्पांची पत्नी तीन वर्षांपूर्वी वारली होती.

गवंड्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "अप्पा, फरशीआधी लाइटीचं बघून घ्या. एकदा भिंती झाकल्या की परत फोडायची पाळी येईल."

म्हणून अप्पांनी महिपती वायरमनला निरोप धाडला.

महिपती आता पंचेचाळिशीचा, पेठेत नाव असलेला कारागीर होता. पण इतक्या जुन्या घरातली लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग पाहायची म्हटल्यावर त्याला आपल्या गुरूंची आठवण झाली. ज्यांच्या हाताखाली तो सोळाव्या वर्षापासून शिकला ते मास्तर आता थकले होते. शिडीवर चढत नसत, चष्म्याशिवाय तार ओळखत नसत. तरी शिष्याने बोलावले म्हणताच ते काठी टेकत आले.

ओसरीवर मीटरशेजारी तो जुना लाकडी बोर्ड होता. काळपट पडलेला, त्यावर लोखंडी मेन स्विच आणि खाली एका ओळीत चार चिनी मातीचे फ्यूज. अप्पांनी बोर्डावर थाप मारली.

"मास्तर, हा बोर्ड बघून घ्या. बावीस वर्षं झाली, या घरात एकदाही फ्यूज गेलेला नाही. शेजारीपाजारी अंधारात बसतात, आमच्याकडे दिवा मिणमिणतसुद्धा नाही. फार काही करू नका, दोन एसींपुरतं वाढवून द्या."

मास्तरांचा चेहरा उतरला. कुणी वाईट बातमी सांगावी तसे ते अप्पांकडे पाहत राहिले.

"बावीस वर्षांत एकदाही नाही?"

"एकदाही नाही!"

"मेन बंद कर, महिपती," मास्तर म्हणाले.

महिपतीने मेन खाली ओढला आणि पहिला फ्यूज उपसला. त्यात फ्यूजची बारीक तार नव्हती. तांब्याची चांगली जाड तार होती, चार पदरी पीळ घातलेली, टोके आत वळवून स्क्रूखाली घट्ट दाबलेली. दुसऱ्यात तसेच. तिसऱ्यात आणि चौथ्यातही तसेच.

महिपतीचे हात थांबले. तो पीळ त्याच्या ओळखीचा होता.

बावीस वर्षांपूर्वी तो नुकताच स्वतंत्र कामे घेऊ लागला होता. या घरचा फ्यूज तेव्हा दोन दिवसांआड जाई आणि अप्पा त्याला बोलावून घेत. चौथ्या की पाचव्या खेपेला ते ओसरीवरून ओरडले होते, "पुन्हा फ्यूज गेला, तर या दारात तोंड दाखवू नकोस!" रस्त्यावरची माणसे थांबून पाहू लागली होती. त्या दिवशी महिपतीने पिशवीतली उरलेली तार चौपदरी केली, पिळली आणि चारही फ्यूजमध्ये बसवली. फ्यूज पुन्हा कधी गेला नाही. अप्पांनी पेठेत चारचौघांत त्याचे कौतुक केले, आणि त्या कौतुकावर त्याचा जम बसला. पुढे तो ती गोष्ट विसरूनही गेला होता.

मास्तरांनी एक तुकडा हातात घेतला, चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळला. हे कुणी केले, असे त्यांनी विचारले नाही. चारही तुकडे रुमालात बांधून त्यांनी खिशात टाकले आणि अप्पांना म्हणाले, "हा बोर्ड चालणार नाही. सगळा नवा करावा लागेल. प्रत्येक खोलीची लाइन वेगळी, नवीन तारा, नवं अर्थिंग. आणि माणसाला शॉक बसताच क्षणात वीज तोडणारा ब्रेकर लावावा लागेल."

अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मुलगा येणार होता. "ठीक आहे. उद्या सुरू करा."

"उद्या नाही. आठ दिवस थांबा."

आणि मग मास्तरांनी जे केले ते कुणालाच उमगले नाही. जो बोर्ड आठ दिवसांनी उखडून टाकायचा होता, तोच त्यांनी दुरुस्त करायला घेतला. जुन्या अर्थिंगच्या खड्ड्यावर कधीकाळी शहाबादी फरशी पडली होती आणि त्याची तार गंजून तुटली होती. मास्तरांनी परसात नवा खड्डा खणवला. महिपतीने त्यात तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ भरले, पाणी ओतले, आणि तिथून नवी तार घरातल्या प्रत्येक यंत्राच्या अंगाला नेऊन जोडली. मास्तर बाजेवर बसून पाहत होते. शेवटी त्यांनी चारही फ्यूजमध्ये केसासारखी बारीक तार घालायला लावली.

"आता नेहमीसारखं राहा," ते अप्पांना म्हणाले. "पंप, इस्त्री, मिक्सर, गीझर, सगळं वापरा. काही जपून करू नका. महिपती, फ्यूज गेला की कोणता गेला आणि तेव्हा काय चालू होतं, ते लिहून ठेव."

दुसऱ्याच सकाळी पंप चालू असताना महानंदाने इस्त्री लावली आणि निम्मे घर बंद पडले. दुपारी पुन्हा. संध्याकाळी देवघराचा दिवा गेला. महिपती दर वेळी सायकल काढून यायचा, बारीक तार घालायचा, वहीत लिहायचा. तिसऱ्या दिवशी अप्पांचा संयम संपला.

"महिपती, बावीस वर्षं माझं घर निरोगी होतं. तू आणि तुझ्या मास्तरांनी तीन दिवसांत आजारी पाडलं! त्या म्हाताऱ्याला विचार, हे काय चाललंय?"

महिपतीने मास्तरांना विचारले. मास्तर म्हणाले, "आठ दिवस होऊ देत."

महिपतीला त्या दिवसांत अन्न गोड लागेना. बोर्डासमोर उभा राहिला की त्याला रुमालातले ते चार तुकडे आठवत. मास्तरांनी पीळ ओळखला असेल काय? तो पीळ घालायला, टोक आत वळवायला त्यांनीच तर शिकवले होते. परसात खड्डा खणताना एकदा त्याने तोंड उघडलेही. "मास्तर, त्या तारा..." मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि वाट पाहिली. महिपती म्हणाला, "त्या तारा भंगारात घालू का?" मास्तर म्हणाले, "राहू देत माझ्याजवळ."

पाचव्या दिवशी गारठा पडला, महानंदाने त्या आठवड्यात पहिल्यांदाच गीझर लावला आणि सकाळीच तिचा फोन आला. "दादा, गीझर लावला की लगेच फ्यूज जातोय. दुसरं काहीच चालू नाही. तीनदा बघितलं."

महिपतीने लगेच सायकल काढली. भाराने गेलेला फ्यूज थोडा वेळ घेतो. हा बटण दाबताक्षणी जात होता. म्हणजे वीज गीझरपर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी जमिनीत उतरत होती.

तो आला तेव्हा महानंदा न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. उंबऱ्यापाशी रबरी चपलांचे दोन जोड नीट मांडून ठेवलेले होते.

"या कशाला?" महिपतीने सहज विचारले.

"नळाला हात लावताना घालायच्या. आमच्याकडे तशी रीत आहे."

"रीत?"

"आई म्हणायची, गरम पाण्याच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. अप्पा म्हणाले, पायात चपला घालत जा. तेव्हापासून सगळेच घालतो. मग काही होत नाही."

महिपतीने भिंतीला हात टेकला. "तुमच्या आई..." तो म्हणाला, आणि त्याला पुढे विचारवेना.

पण महानंदाने ऐकले होते. ती मुलांना शिकवणारी बाई होती. समोरच्याचा प्रश्न अर्धा असला तरी तिला कळे.

"इथेच," ती म्हणाली. "मार्गशीर्षातली सकाळ होती. बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून मी दार ढकललं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. साठी ओलांडलेली होती, कुणाला शंका आली नाही." तिने उंबऱ्यापाशी मांडलेल्या चपलांकडे पाहिले. "त्या दिवशी तिच्या चपला मीच धुवून गच्चीवर वाळत घातल्या होत्या."

महिपतीने मेन बंद केला आणि छिन्नी-हातोडी घेतली. गीझरची तार तेवढी भिंतीच्या आतून नेलेली होती. दोन विती गिलावा उडवल्यावर ती दिसली. वर्षानुवर्षे झेपेल त्याहून अधिक भार वाहून तिच्यावरचे रबर करपले होते, तडकले होते, आणि एका जागी उघडे पडलेले तांबे पाण्याच्या लोखंडी पाइपाला टेकले होते. नवे अर्थिंग मिळेपर्यंत ती वीज जमिनीत न उतरता पाइपात आणि नळातच राहत होती. पाइपावर तिथे काळा डाग होता. तो डाग ताजा नव्हता.

महानंदाने तो पाहिला. महिपती तिला काय समजावून सांगणार होता? ती एवढेच म्हणाली, "अप्पा दुकानात गेलेत. दुपारी येतील," आणि शाळेत न जाता आपल्या खोलीत गेली.

महिपती तडक मास्तरांच्या घरी पोचला. मास्तर अंगणात लिंबाखालच्या ओट्यावर बसले होते. महिपती त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला. जे पाहिले ते त्याने सांगितले. मग म्हणाला, "मास्तर, ती चार पदरी तार मी घातली होती."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

"पहिल्या दिवशीच कळलं तुम्हाला?"

"माझ्याच हातचं वळण आहे ते."

"मग बोलला का नाहीत? आणि नवा बोर्ड बसवायचाच होता, तर आठ दिवस हे सगळं कशासाठी?"

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि ते तुकडे ओट्यावर ठेवले.

"महिपती, बोर्डावर सगळ्यांत अशक्त काय असतं? ती केसासारखी तार. आपण ती मुद्दाम अशक्त ठेवतो. कुठे भार वाढला, कुठे काही चुकलं, की तिनं आधी जळायचं आणि सगळं थांबवायचं. लोकांना वाटतं ती खोड्या काढते. ते चिडतात, आणि मग कुणीतरी तिच्या जागी न जळणारी तार बसवून देतो. कुरकुर थांबते. दुखणं तेवढं भिंतीत शिरतं. त्या माउलीनंही सांगितलं होतं, मुंग्या येतात म्हणून. तिलाही गप्प करायला चपला मिळाल्या. नवा बोर्ड मी पहिल्याच दिवशी बसवला असता, तर जुन्या तारा भंगारात गेल्या असत्या आणि काय बिघडलं होतं ते कुणालाच कळलं नसतं. घर नवं झालं असतं, त्यातली माणसं तशीच राहिली असती. म्हणून घराला आठ दिवस बोलू दिलं. तुलाही दिले."

महिपतीने मान खाली घातली. "त्या माउली माझ्यामुळे गेल्या."

"ते आता कुणीच सांगू शकणार नाही. तुझ्यामुळे नसेलही. पण तुझ्यामुळे नाही, असं म्हणण्याचा अधिकार तू आणि मी गमावला आहे."

"तुम्ही कसे?"

"तू त्या वेळी धावत येऊन मला सांगितलं होतंस, अप्पांकडचा फ्यूज आता जात नाही म्हणून. मी शाबास म्हणालो. का जात नाही, हे विचारलं नाही. या पिळाचा एक पदर माझा आहे." मास्तरांनी एक तुकडा उचलून आपल्यापुढे ठेवला आणि उरलेले तीन शिष्याकडे सरकवले. "मी येतो तुझ्याबरोबर."

"नको, मास्तर," महिपती उठत म्हणाला. "आधी मला एकट्याला जाऊ द्या."

दुपारी अप्पा जेवून ओसरीवर बसले होते. महिपतीने तुकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि उभ्यानेच सगळे सांगितले. त्याने आपल्या बोलण्यात कुठेही अप्पांचे ओरडणे आणले नाही. मी घातली, एवढेच म्हणाला. मग न्हाणीघरातला काळा डाग सांगितला.

अप्पांचा चेहरा प्रथम लाल झाला. ते ताडकन उठले. महिपतीला वाटले, आता हात उचलतील, आणि त्याला ते बरेच वाटले असते. पण अप्पा त्याच्याजवळून सरळ न्हाणीघरात गेले. फोडलेल्या भिंतीसमोर उभे राहिले. त्यांनी पाइपावरच्या डागावरून बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही, तरी ते धोतराला पुसले.

परत आले तेव्हा ते एकाएकी फार म्हातारे दिसत होते.

"मी म्हणालो होतो तुला," ते म्हणाले. "पुन्हा फ्यूज गेला तर तोंड दाखवू नकोस."

त्यांनी मागे वळून न्हाणीघराकडे पाहिले.

"ती तीनदा म्हणाली होती. पहिल्यांदा मी चपला आणून दिल्या. दुसऱ्यांदा म्हणालो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. तिसऱ्यांदा..." अप्पा थांबले. "तिसऱ्यांदा काय म्हणालो ते आठवत नाही. काही म्हणालोच नसेन."

महिपती म्हणाला, "अप्पा, काम दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल, तर..."

"नाही. तूच करायचंस. सगळी भिंत फोड, एकही जुनी तार आत ठेवू नकोस." त्यांचा आवाज कडकच होता, पण तो ओसरीच्या पलीकडे जात नव्हता. "तुला माफ केलंय, असं मात्र समजू नकोस. माझ्याकडे तेवढं नाही. मला स्वतःलाच द्यायला नाही."

"होय, अप्पा."

महिपती पायऱ्या उतरू लागला तेव्हा आतल्या खोलीचे दार उघडले. महानंदा रडून चेहरा धुऊन आली होती. वडिलांसाठी तिने नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या आणला, खाली ठेवला आणि नेहमीप्रमाणेच काही न बोलता परत वळली.

"नंदा," अप्पा म्हणाले.

ती थांबली.

"बस जरा."

त्या घरात मुलीने वडिलांसमोर बसायची पद्धत नव्हती. ती भिंतीला टेकून उभीच राहिली. अप्पांनी शेजारची जागा हाताने झाडली, तेव्हा ती अवघडून बसली. दोघेही मीटरशेजारच्या त्या जुन्या बोर्डाकडे पाहत राहिले.

"तुझी आई," अप्पा म्हणाले. "आणखी काय काय सांगायची गं ती? म्हणजे, मला सांगायची, आणि मी... तुला आठवत असेल."

"पुष्कळ आहे, अप्पा," महानंदा म्हणाली.

"असू दे. सांग."

महिपती फाटकाशी पोचला होता. आत महानंदाने अगदी हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. अप्पांनी तिला मध्ये एकदाही तोडले नाही. फाटकाची कडी वाजू नये म्हणून महिपतीने ती हाताने धरून लावली, आणि सायकल थोडी दूर ढकलत नेऊन मगच तिच्यावर बसला.